खुर्च्यांच्या कारखान्यातली उभी मीटिंग

त्या सोमवारी सकाळी खुर्च्यांच्या कारखान्याचं सगळं ऑफिस उभं होतं. कुणी वारलं नव्हतं. धाकट्या मालकांनी कारखान्यात ‘अ‍ॅजाइल’ आणलं होतं.

थोरल्या मालकांनी कारभार मुलाच्या हाती दिला, तेव्हापासून काहीतरी नवं करून दाखवायचं धाकट्यांच्या डोक्यात घोळत होतं. नव्या रंधा मशीनसाठी राखलेले पैसे त्यांनी हे ‘अ‍ॅजाइल’ शिकवणाऱ्या एका कोचच्या पदरात घातले. जग पळतंय, कंपनीही चपळ झाली पाहिजे, असं कोचचं म्हणणं. जुन्या हेडक्लार्कनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “अ‍ॅ-जाईल म्हणजे नक्की काय काय जाईल?”

आधी पार्टिशनं गेली. मग ‘साहेब’ म्हणणं गेलं. मग उभी मीटिंग सुरू झाली. काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं आणि पाव तासात कामाला लागायचं. पण ‘काल काय केलंत?’ असं त्या माणसांना इतक्या अगत्यानं कुणी विचारलं नव्हतं. पॉलिशवाले कालच्या कामावरून मेहुण्याच्या घराच्या वाटणीवर घसरले. अडचण विचारल्यावर हेडक्लार्कनी गुडघ्यापासून सुरुवात केली. बोलता बोलता एकेक जण हळूच खुर्चीत टेकायचा आणि मीटिंग थेट जेवणाच्या सुट्टीला जाऊन भिडायची. कोचनी दुखण्याचं मूळ शोधून काढलं. खुर्च्या! त्या दिवशी ऑफिसातल्या झाडून सगळ्या खुर्च्या गोदामात गेल्या.

त्यांतच थोरल्यांची गेली. कारभार सोडला तरी थोरले रोज सकाळी येऊन खिडकीशी त्या खुर्चीत बसत. रुंद हातांची, कारखान्यात बनलेली ती पहिली खुर्ची. हात ठेवून ठेवून तिचं पॉलिश पार उडालं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोलावून घेत, मुलीचं शिक्षण कुठवर आलं विचारत, लाकूड ओलं निघालं का विचारत, आणि माणूस हलक्या मनानं कामाला जाई. त्याला मीटिंग म्हणतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, खिडकीशी थोडे उभे राहिले आणि निघून गेले. धाकटे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यात गुंतले होते. नंतर थोरले कारखान्यात फिरकले नाहीत. वय झालं, कंटाळा येत असेल, अशी धाकट्यांनी स्वतःची समजूत घातली.

इकडे कोचनी पुढचा धडा दिला. हुकमाची वाट बघायची नाही, दिसेल ते काम उरकायचं. गोदामकाकांनी जन्मात सहीशिवाय साधं स्टूल हलवलं नव्हतं, पण हा धडा त्यांनी मनावर घेतला. वाचनालयाची ऑर्डर जायची होती, ट्रक दारात उभा होता आणि दाराशी खुर्च्या रचलेल्या दिसत होत्या. काकांनी कुणाला न विचारता त्या भरल्या आणि आयुष्यात प्रथमच वेळेच्या आधी माल रवाना केला. कोचनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

टाळ्यांचं कौतुक दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंच्या फोननं उतरवलं.

“तुमच्या खुर्च्या बऱ्याच वापरलेल्या दिसतात,” बाई म्हणाल्या. “एकीला उशी बांधली आहे. उशीखाली कसल्यातरी गोळ्या आहेत.”

“त्या माझ्या,” हेडक्लार्क म्हणाले. “गुडघ्याच्या.”

काकांनी घाईघाईनं नव्या खुर्च्या पोचवल्या आणि जुन्या परत आणल्या. फक्त एक आली नाही. खिडकीजवळची ती रुंद हातांची खुर्ची. एक वयस्कर वाचक दार उघडताच तिच्यात येऊन बसतात, त्यांना उठवायचं कसं, असं बाईंचं म्हणणं पडलं. कोच खूश झाले. ग्राहकाची पसंती कळली, ती मोलाची, असं ते म्हणू लागले. धाकट्यांना मात्र ती खुर्ची कुणाची ते लगेच कळलं. बाबांनी आयुष्यात एक वस्तू स्वतःची म्हणून ठेवली होती आणि ती आपण ट्रकात घातली. त्यांच्या कानावर जायच्या आत ती आणायला हवी होती. ते स्वतःच वाचनालयात गेले.

खिडकीशी खुर्ची होती. खुर्चीत उघडलेलं वर्तमानपत्र होतं आणि पत्राखाली इस्त्रीची पँट. त्या वाचकाला कसं समजवायचं याची धाकट्यांनी वाटेत मनात उजळणी केली होती.

“काका, जरा एक विनंती होती,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

वर्तमानपत्र खाली आलं. मागे थोरले होते.

“बाबा, तुम्ही?”

“ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितलं कुठे उतरवली ते.”

“मला सांगायचं नाही का? मी लगेच परत आणली असती.”

“आणून काय करणार?” थोरल्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच धाकट्यांना जड गेलं. “तुमच्याकडे आता कुणी बसत नाही.”

लहानपणी याच खुर्चीच्या हातावर बसून धाकट्यांनी रंध्याचा आवाज ऐकला होता, आणि थोरल्यांचा एक हात तेव्हा त्यांच्या पाठीशी असायचा. ते तसेच उभे राहिले. थोरल्यांनी नजरेनंच शेजारची नवी खुर्ची दाखवली. धाकटे बसले आणि खुर्ची अशी करकरली की सगळ्या वाचनालयानं माना वर केल्या. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

“कुणी बनवली ही?” थोरल्यांनी हळूच विचारलं.

“आपणच, बाबा.”

थोरल्यांनी वर्तमानपत्राचं आतलं पान काढून मुलाच्या हातात दिलं.

“मग हलू नकोस,” ते म्हणाले.