सुतकातली अक्कलदाढ

दौलतशेट गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाच्या, रामनाथच्या, डोळ्यांत पाणी आलं आणि घरातल्या बायकांनी एकदाचा सुस्कारा सोडला.

तोवर गडी कोरडाच होता. बापाबरोबर वीस वर्षं चिकूच्या वाडीत राबला, चितेपाशी मात्र खांबासारखा उभा राहिला. लोक बोलले. रामनाथला स्वतःचीच लाज वाटत होती. मोरीत जाऊन, दार लावून त्याने रडून बघितलं, तर नुसती उचकी लागली.

तिसऱ्या दिवशी गालात कुणी चिकू ठेवल्यासारखा उजवा गाल फुगला, जेवण सुटलं, डोळे वाहू लागले. कारण दाढ होती. पण ते सांगायला तोंड उघडावं लागतं आणि तोंडात बोटही जात नव्हतं. तो गालाकडे खुणा करी.

“कळतंय रे बाळा, बोलू नको,” म्हणत रखमाआत्या थोपटायची, नेमकं उजव्याच गालावर. डोळे आणखी वाहायचे.

त्याने गालाला फडकं बांधलं तर आत्या किंचाळली, “सोड ते! परवा तुझ्या बापाची हनुवटी अश्शीच बांधली होती!”

बातमी पार झाई गावापर्यंत गेली. समाचाराला एकदा येऊन गेलेली माणसं पुन्हा एसटीने आली. झाईची अंबूबाई तर मुक्कामालाच आली आणि तिने आपले दोन्ही मुलगे समोर आणून बसवले. “नीट बघून ठेवा, मेल्यांनो. मी गेल्यावर असं रडायचं.”

शेवटी वाडीतला शुक्रा काम विचारायला आला. त्याने एकदाच बघितलं. “शेट, ही दाढ हाय. माझ्या बुधीचं तोंड असंच झालतं.”

रामनाथने त्याला मिठी मारली असती, पण सुतक होतं.

दर गुरुवारी मुंबईहून दातांचे डॉक्टर येऊन स्टेशनाजवळ बसत. त्यांनी आरसा घालून पाहिलं. “अक्कलदाढ. जबड्यात जागा नाही, म्हणून आडवी पडलीय. पुढच्या दाढेला ढकलतेय. फटीत अन्न अडकून पू झालाय.”

“औषधानं...?” रामनाथ दातांतून म्हणाला.

“औषधानं सूज उतरेल. आडवी दाढ काही उठून बसायची नाही. आज पेनिसिलिन, पुढच्या गुरुवारी काढू.”

सूज उतरली, डोळे सुकले आणि घरात सगळं उघड झालं.

“म्हणजे ते सगळं पाणी दाढेचं?” अंबूबाईने कपाळावर हात मारला आणि मुलांकडे वळली. “मागचं विसरा रे.”

दुसऱ्या गुरुवारी डॉक्टरांनी हिरडी चिरली, दाढेला छिन्नी लावली, वर हातोडी हाणली. दाढेचे दोन तुकडे निघाले. टाके पडले. इंजेक्शनने सगळं बधिर होतं, रामनाथच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. “दोन दिवस थुंकायचं नाही, गरम प्यायचं नाही, तोंड मोठं उघडायचं नाही,” म्हणत डॉक्टरांनी तुकडे कागदात बांधून दिले.

तो अंगणात येऊन थांबला. लहानपणी त्याचा दात पडला की वडील, म्हणजे त्याचे दादा, तो उंदरासाठी कौलांवर फेकायचे. त्यांचा नेम असा, की दात वर गेला तो गेला. पस्तिशीच्या रामनाथने इकडेतिकडे बघितलं आणि एक तुकडा फेकला. टुक, टुक, टुक करत तो कौलांवरून घरंगळून पायाशी आला. पुन्हा फेकला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा रामनाथने तो उचलला आणि “तुम्हीच टाका, दादा” म्हणून न बघताच हात मागे केला.

हात तसाच राहिला.

मग डोळ्यांना धार लागली. ओठ घट्ट मिटलेले, नुसते खांदे हलत होते.

ओट्यावर आत्या आणि अंबूबाई तांदूळ निवडत होत्या.

“इंजेक्शन उतरलं वाटतं,” अंबूबाई म्हणाली.

“बापासाठी टिपूस नाही,” आत्या म्हणाली, “आणि दाढेसाठी बघ कसा रडतोय!”

रामनाथला सांगायचं होतं. पण डॉक्टरांनी तोंड उघडायला मनाई केली होती.