घरातला प्रशासक

कॉम्प्युटरमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना पडद्यावर ज्या सूचना येतात, त्या मराठीत लिहायचं काम त्याच्याकडे होतं. (अशा सूचना कुणीतरी लिहितं, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. त्या कुणी वाचतं का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.) पासवर्डाच्या परिच्छेदाचा चौथा खर्डाही ऑफिसातल्या मॅडमनी परत पाठवला. "आधी एखाद्या साध्या माणसाला वाचायला द्या," त्या म्हणाल्या.

साधं माणूस म्हणून त्याने आत्याला निवडलं, तिथेच गाडं घसरलं. आत्याने तीस वर्षं परीक्षांवर देखरेख केली होती. छापील सूचनेतला स्वल्पविरामसुद्धा ती पाळायची. आणि त्या सूचना वाचून सिस्टीम बसवून बघायला कॉम्प्युटर निवडला तो बायकोचा. बायको नाटकांचे कपडे शिवायची. तिला पेनड्राइव्हवरचे राणीच्या झग्याचे पॅटर्न पाचपर्यंत छापून हवे होते, कारण राणी स्वतः मापाला येणार होती.

"तासाभरात देतो," तो म्हणाला.

आत्याने सूचनांचा कागद घेतला, त्याला खोलीबाहेर काढलं आणि दार लावलं. चाळीस मिनिटांनी ती पहिला नंबर आल्यासारखी बाहेर आली.

साडेतीनला बायको प्रिंटर जोडायला बसली. पडद्यावर आलं: प्रशासकाचा पासवर्ड द्या.

"आत्या, पासवर्ड काय दिलायस?"

"मला काय माहीत!"

"अगं, तूच दिलास ना?"

"दिला की. अठ्ठावीस अक्षरं. डोळे मिटून कागदावर खरडली, दोनदा बघून टाइप केली आणि कागदाचे तुकडे करून टाकले."

"पण का?"

आत्याने सूचनांचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. 'पासवर्ड सहज आठवता येईल असा नसावा. तो कुठेही लिहून ठेवू नये.'

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. 'ओळखता' लिहायचं, ते 'आठवता' लिहिलं होतं. चारही खर्ड्यांत.

"तुला शंका नाही आली?"

"सूचनांवर शंका घ्यायची नसते."

"अहो," गळ्यातली टेप ओढत बायको म्हणाली, "पावणेचार झालेत."

सगळं पुन्हा बसवायला घेतलं. या वेळी मजकूर बायकोने सांगितला: "लिहा. 'दुसऱ्याला ओळखता येणार नाही आणि आपण विसरणार नाही, असा पासवर्ड ठेवा. प्रशासक काहीही बदलू शकतो, काहीही उडवू शकतो. म्हणून रोजच्या कामाला साधं खातं वापरा.'" त्याने लिहून घेतलं. पाचाला सात मिनिटं कमी असताना प्रिंटर घरघरला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पाठवलेल्या नव्या मजकुरावर मॅडमचंही उत्तर आलं: 'अखेर माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय.'

दुसऱ्या दिवशी त्या खुशीत तो बायकोच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ बसवायला बसला. पडद्यावर त्याचंच वाक्य झळकलं: 'तुम्हाला परवानगी नाही. प्रशासकांशी संपर्क साधा.'

"अगं, पासवर्ड सांग जरा!"

"मला माहीत नाही," शिलाई मशीन न थांबवता बायको म्हणाली. "मी आत्याबाईंना प्रशासक केलंय. त्यांच्याकडून पासवर्ड कुणालाच मिळत नाही, हे काल कळलंच."

आतल्या खोलीतून आवाज आला, "अर्ज कर. आणि कारण सुवाच्य अक्षरात लिही!"