बिनकिल्लीची पेटी

"अंबादास, कुणाच्या फोनानं उघडते ते सांग!" मी पेटीच्या पत्र्यावर थाप मारून ओरडले.

भर दुपार, उन्हाळा, लाईट गेलेली. रस्त्याच्या कडेला तीनचाकी सायकल, तिच्यावर कपाटाएवढी पत्र्याची पेटी, आणि पेटीत माझा शेजारी अंबादास. दार बंद. किल्ली हरवली म्हणावं तर तसंही नव्हतं. किल्ली मुळात केलीच नव्हती. ठरलेल्या एका माणसाच्या फोनवरून पेटीला फोन आला तरच ती उघडणार होती. तो माणूस कोण, हे आत बसलेल्या अंबादासशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तो सांगत नव्हता.

"मेलास का?" मी विचारलं.

"नाही अक्का. जरा गरम होतंय."

"मग नाव सांग की."

"विचार करतोय."

हवा जाईल एवढी फट त्या पेटीला नव्हती. फट राहू नये म्हणून वर्षभर त्यानं डोकं खाल्लं होतं, स्वतःचं आणि आमचं.

हा माणूस काय आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर तो पेटीत जाऊन का बसला ते कळायचं नाही.

अंबादास पद्मशाली, घरची भाषा तेलुगू, बोलतो आमच्यासारखंच. घराण्यात सगळे विणकर. हा एकटा रेडिओ, टीव्ही उघडत बसला. लग्न केलं नाही. वय पासष्टीच्या आसपास, अंगानं काडी, खिशात पेनाऐवजी टेस्टर. त्याच्याकडे सरकारचं खरंखुरं पेटंट आहे. खोटं सांगत नाही, मी कागद बघितलाय. मी चौथी शिकलेली बाई, इंग्रजी मला येत नाही, पण शिक्का कळतो. तो कागद त्यानं काच लावून देवाशेजारी टांगलाय. उदबत्ती दोघांच्या मधे एकच लावतो. धूर कुणाकडे जाईल त्यानं आपापलं बघावं.

ते पेटंट मागाच्या सर्किटचं. धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि लाल दिवा लागतो. तसे माग थांबवणारे प्रकार आधीही होते, पण ह्याचं म्हणणं, ह्याचं सर्किट तुटायच्या आधी ओळखतं. ओळखायचंही. फक्त कापसाचा कण उडाला तरी ते ओळखायचं.

त्याचं एक वाक्य ठरलेलं आहे: "तत्त्व बरोबर आहे." काहीही जळो, फुटो, शॉक बसो, धूर जरा खाली बसला की अंबादास म्हणणार, "तत्त्व बरोबर आहे अक्का."

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यानं नळाला एक यंत्र बसवलं. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर रिंग. पहिल्याच दिवशी फोन वाजले, सगळ्या बायका घागरी घेऊन धावल्या. नळातून नुसती हवा. पाण्याआधी हवा येते हे शेंबड्या पोराला माहीत आहे. दिवसभर हवा येत राहिली आणि फोन वाजत राहिले. संध्याकाळी खरं पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी फोन बंद करून ठेवले होते. अंबादास म्हणाला, "तत्त्व बरोबर आहे. हवेनं पाण्यासारखं वागायला नको होतं."

नवीन कल्पना सुचली की तो आधी दार लावून घेतो आणि मग कुजबुजतो. का, तर अर्ज जायच्या आधी गोष्ट बाहेर फुटली तर पेटंट मिळत नाही म्हणे. मला म्हणतो, "अक्का, कुणाला बोलू नका." मी काय बोलणार? तो काय म्हणाला ते मला कळलेलंच नसतं. अर्ज गेला की ऑफिसकडून उलट विचारणा येते. तो मला मराठीत करून सांगतो. "ऑफिस विचारतंय, यात नवीन काय आहे?"

"मलाबी तेच विचारायचं होतं," मी म्हणते.

तो रागावत नाही. आठ-आठ दिवस उत्तर लिहीत बसतो. जेवण राहून जातं. मग मीच भाकरी पाठवते.

पेटीची सुरुवात त्या भाकरीवरूनच झाली. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकते. गिऱ्हाईक लांबलांबचं. पाकीट दारात ठेवलं तर शेजारी उचलतो, नाहीतर कुत्रं नेतं. अंबादास म्हणाला, "ज्याची वस्तू त्याच्याच हातात पडली पाहिजे. मधे कुणी नको." आणि लागला कामाला. पेटीत एक सिम कार्ड. गिऱ्हाइकाचा नंबर पेटीला आधी सांगून ठेवायचा. पेटी दारात गेली की गिऱ्हाइकानं आपल्या फोनवरून पेटीला फोन लावायचा. नुसती रिंग गेली तरी कुलूप सुटतं. फोन कापला नाही तर वर पेटी बोलते. भलत्या माणसानं लावला तर उघडत नाही. बॅटरी काढली तरी उघडत नाही. "हेच तर नवीन आहे," तो म्हणाला.

पहिल्या खेपेला माझ्या भाकऱ्या नेल्या. पेटी अशी घट्ट, की आतल्या आत दमटपणा धरला. गिऱ्हाइकानं मला फोन केला, "अहो, कडक भाकरी मागवली होती, हिची घडी पडतेय." तत्त्व मात्र बरोबर होतं.

पण पुण्याच्या एका कंपनीला त्याचा अर्ज आवडला. माणसं पेटी बघायला येणार होती. अंबादासनं दाढी केली तेव्हाच मी ओळखलं की हे काहीतरी मोठं आहे. दार लागलं की आतला दिवा विझायला पाहिजे, नाहीतर बॅटरी खाते. तो विझतो की नाही हे बाहेरून कसं कळणार? म्हणून तो आत जाऊन बसला.

"दार धरू का?" मी विचारलं.

"नको अक्का, आपोआप लागतं. तेच तर नवीन आहे."

लागलं.

समोर रफिकभाईचं वेल्डिंगचं दुकान आहे. पेटीचा पत्रा त्यानंच जोडलेला. तो पळत आला, चारी बाजूंनी फिरला. "अक्का, जोड एक नंबर बसलाय," म्हणाला.

"कौतुक नंतर कर. उघडायचं बघ."

"लाईट न्हाय, ड्रिल चालत न्हाय. गॅस कटर मारू शकतो, पन आत थर्माकोल हाय. ठिणगी गेली तर भाई का तंदूरी होता."

"फोडू नका!" आतून अंबादास. "कंपनी यायचीय!"

पेटीच्या अंगावर तिचा फोन नंबर रंगवलेला होता. मी माझ्या फोनवरून लावला. फोनात अंबादासचाच भरून ठेवलेला आवाज आला. "क्षमस्व. आपण गिऱ्हाईक नाही. कृपया पेटीपासून दूर व्हावे." आत तो, फोनातही तोच. एक मला दूर व्हायला सांगत होता आणि दुसरा जीव मुठीत घेऊन बसला होता. रफिकनं लावला. त्यालाही दूर व्हायला सांगितलं.

"आता नाव सांग, नाहीतर मी घरी जाते," मी म्हणाले.

आतून अगदी बारीक आवाजात, "अन्नाचा फोन लागेल."

अन्ना म्हणजे थोरला भाऊ, नरसय्या. आता ह्या दोघांचं सांगते, थोडक्यात. नरसय्याचे माग होते. अंबादास त्याच्याकडेच राहायचा, त्याच्याच ताटाशेजारी जेवायचा. पेटंटचं सर्किट पहिल्यांदा लावलं ते नरसय्याच्याच मागांवर. उन्हाळ्यात कारखान्यात कापूस उडतो. माग मिनिटामिनिटाला थांबायला लागले, लाल दिव्यांची नुसती दिवाळी. चादरींची ऑर्डर हातची गेली. नरसय्यानं सर्किट उपटून रस्त्यावर फेकलं आणि म्हणाला, "तूही त्याच्या मागोमाग जा." अंबादासनं सर्किट उचललं आणि खरोखरच गेला, माझ्या शेजारच्या खोलीत. दोन बोळांचं अंतर. तेव्हापासून बोलणं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तर दोघंही मांडवाकडे बघतात. माग पुढे नरसय्यानंही विकून टाकले, पण अबोला ठेवला.

रफिक छिन्नी-हातोडा घेऊन पेटीच्या टपावर चढला, निदान हवेला भोक पडावं म्हणून. मी गुडघे धरत निघाले.

नरसय्या बनियनवर पडला होता.

"उठा. अंबादास पेटीत अडकलाय."

"कुठल्या पेटीत?"

"त्याच्याच."

"मग त्यालाच म्हणावं उघड."

"ती तुमच्या फोनानं उघडते."

तो उठून बसला. "माझ्या? माझ्या का?"

"ते त्याला विचारा, जिता निघाला तर."

"मी त्याच्याशी बोलत नाही. सगळ्या पेठेला ठाऊक आहे."

"बोला कोण म्हणतंय? मिस कॉल द्या."

नरसय्यानं विचार केला. माणूस तिकडे गुदमरत होता आणि हा विचार करत होता. घराणंच तसलं. "मिस कॉल म्हणजे बोलणं नव्हे," तो म्हणाला.

"नव्हे."

"उद्या तो म्हणेल, अन्नानं आधी फोन केला."

"मी साक्षीला आहे. रिंग गेली, तुम्ही कापला."

"लगेच कापणार."

"कापा. पण आधी लावा की, मेल्या!"

त्याचा चष्मा सापडेना. तो डोक्यावर होता. माझ्या फोनातला नंबर बघत त्यानं एकेक आकडा दाबला. पहिल्यांदा चुकला, कुणीतरी बाई उचलून "कोण बोलतंय?" म्हणाली. तिलाही हा म्हणतो, "मी बोलत नाहीये." दुसऱ्यांदा लागला. रिंग गेली. मी हातानं खूण केली, कापा आता.

त्यानं कापला नाही.

फोन जुना, त्यातलं सगळं बाहेर ऐकू येतं. अंबादासचा आवाज होता, जरा शाळेत कविता म्हणावी तसा. "नमस्कार. आपली वस्तू दारात आली आहे. घेऊन जावी."

तेवढंच. मग पेटीनं स्वतःच फोन ठेवला. दोन बोळांपलीकडून रफिकची आरोळी ऐकू आली. नरसय्यानं फोन तसाच कानाला धरलेला होता.

"संपलं ते," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. चष्मा काढून बनियनला पुसायला लागला. मी तिकडे बघितलं नाही. मला असलं बघायला आवडत नाही. तो सदरा चढवून माझ्या पुढे निघाला.

पेटीसमोर रफिकच्या दुकानाच्या पायरीवर अंबादास बसला होता, अंगावर विहीर ओतल्यासारखा भिजलेला. रफिक त्याला पाणी पाजत होता. नरसय्या चार हातांवर थांबला.

"रफिक," तो म्हणाला, "ह्याला विचार, माझा नंबर कशाला घातला पेटीत?"

अंबादासनं तोंड पुसलं. "रफिकभाई, त्यांना सांगा, टेस्टिंगला एक नंबर लागतो. मला पाठ असलेला तेवढाच आहे."

रफिकनं एकदा ह्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "दोघांनाबी ऐकू आलं की. मी कशाला सांगू?"

माझ्या फोनात नंबरांचा ढीग आहे, पाठ एकही नाही. ह्याला एक पाठ होता आणि तो त्यानं इतक्या वर्षांत एकदाही लावला नव्हता.

नरसय्या चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "इंटिकि रा." घरी ये. हे त्यानं रफिकला सांगितलं नाही.

दोघं गेले, एक पुढे, एक मागे. वाटेत काही बोलले असतील असं मला दिसलं नाही.

कंपनीची माणसं आली, टपावरचे छिन्नीचे पोचे बघितले, चहा प्यायली, कळवतो म्हणाली. अजून कळवलेलं नाही. रफिकनं पेटीला आतून कडी बसवली. अंबादासला ती पसंत नाही, पण भावानं सांगितलंय म्हणून ठेवलीय.

पेठेत ही गोष्ट सांगताना लोक आता काहीही जोडतात. कुणी म्हणतं पेटीत पुण्याचा साहेब अडकला होता, कुणी म्हणतं माणूस गेला. मी तिथं होते. आत अंबादास होता, माझा शेजारी, नरसय्याचा धाकटा भाऊ. तो वाचला.