बोडक्या टेकडीचा पैरा

२०११ सालच्या पौषात, थंडी ऐन भरात असताना, ‘मोहीम बोडकी टेकडी’ या चित्रकथेच्या सगळ्या प्रतींमध्ये शेवटच्या पानावरच्या नाईक सर्जेराव हुलवळ्यांनी सलामीचा हात खाली घेतला.

आठवड्याच्या आत प्रकाशनाचे प्रभुदेसाई जीप करून साताऱ्याकडच्या त्या गावी आले. पासष्टच्या लढाईत पलटणीत नाईक असलेले, आता सत्तरी गाठलेले खरे सर्जेराव अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

“आजोबा, तुमच्या चित्रानं सलामी सोडली आहे. दुकानदार पुस्तकं परत पाठवताहेत. तो आमचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

“आजोबा कुनाचा? नाईक म्हना.”

“नाईकसाहेब, त्याला हात वर करायला सांगा.”

सर्जेरावांनी पुस्तक हातात घेतलं. वाचता बेताचंच येई. चित्रं मात्र चोख कळली. टेकडी जिंकलेली. वर झेंडा. झेंड्याखाली चोवीस वर्षांचा सर्जेराव, मांडीला पट्टी, हात खाली, मान वळवलेली. कोपऱ्यातल्या दगडामागून दोन बूट दिसत होते.

“ह्यो धोंडीराम काटवटे. मला गोळी लागली तवा यानं पाठीवर घिऊन खाली आनलं. मग परत वर गेला, त्यो आलाच न्हाई. झेंडा लागला तवा मी वर नव्हतोच, साहेब. तुमच्या चित्रकारानं पोचवलं.”

“शोभेसाठी. वर कुणीतरी जिवंत हवं होतं.”

“मग आता पोचलोय तर रिकाम्या हातानं कसा उतरू?”

त्या गावात पैऱ्याची रीत होती. कुणी तुमच्या रानात एक दिवस राबला, की तुम्ही त्याच्या रानात एक दिवस राबायचं. पैसे चालत नसत. राबणारा मेला तरी पैरा मरत नसे.

“पण हे शेवटचं पान आहे,” प्रभुदेसाई म्हणाले. “पुढे जागा नाही.”

“मागं काय हाय?”

“मलपृष्ठ. तिथं किंमत असते.”

“मग किमतीवरनं उतरंल.”

“चित्रकाराची परवानगी लागेल.”

“गोळी लागली तवा कुनाची घेतली व्हती?”

“साहेब, च्या घ्या,” दारातून बायको तानूबाई म्हणाली. “ह्यांनी कर्नलचं ऐकलं न्हाई, तुमचं काय ऐकत्यात!”

सर्जेरावांनी पुस्तक गुडघ्यावर उभं धरलं.

“नाईक, उचल त्याला.”

चित्रातल्या सर्जेरावानं मांडीच्या पट्टीकडे पाहिलं.

“माझीबी दुखतीया. उचल.”

प्रभुदेसाई उठले. “आम्ही कोर्टात जाऊ.”

“जावा. त्याचे हात गुतल्यात, एवढं तिथं सांगा.”

जीप गेली. सर्जेराव दिवसभर पाठ वाकवून पायरीवर बसून राहिले. जेवले नाहीत. तानूबाईनं त्यांच्या पाठीला तेल चोळलं.

दिवस मावळताना त्यांनी पुस्तक उलटं केलं. मलपृष्ठावर, किमतीच्या चौकटीखाली, टेकडीच्या पायथ्याशी धोंडीराम चादरीवर निजवलेला होता. शेजारी नाईक सर्जेराव त्याला सलामी देत उभे होते.

पैरा फिटला.