रथसप्तमीची खिचडी

"बारा वाजता पानं मांडा," नीलकंठ मास्तरांनी जाहीर केलं. "बारा म्हणजे बारा! सूर्यनारायणाला आजवर कधी उशीर झालेला नाही."

मास्तर पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना देशाची काळजी लागली होती. स्वयंपाकाचा निम्म्याहून जास्त गॅस जहाजांनी बाहेरून येतो, हे पेपरात वाचल्यापासून घरी चहा मागताना त्यांचा आवाज खाली येई. चहा मात्र ते मागत.

देवासच्या आपल्या दत्तमंदिराच्या स्वयंपाकघरातून गॅस काढावा आणि सूर्यचूल आणावी, असा ठराव त्यांनी विश्वस्तांपुढे तीनदा मांडला होता. तिन्ही वेळा अध्यक्ष विश्वासरावांनी तो घडी घालून खिशात ठेवला. विश्वासरावांचे पणजोबा देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, दरबारात होते. त्यामुळे नवीन काही पुढे आलं, की पणजोबांनी काय केलं असतं याचा ते विचार करत. पणजोबांनी बहुधा काहीच केलं नसतं.

चौथ्या वेळी मात्र ते म्हणाले, "रथसप्तमीला धारहून मोरोपंतबुवा कीर्तनाला येताहेत. त्या दिवशी साठ माणसांचा प्रसाद तुमच्या उन्हावर शिजवून दाखवा. तिथंच सही करतो. नाही शिजला, तर हा विषय माझ्या हयातीत पुन्हा काढायचा नाही."

विश्वासरावांचे वडील चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत सायकल चालवत होते. म्हणजे काय व्हायचं ते याच रथसप्तमीला होणं भाग होतं.

मास्तरांनी सुताराकडून पलंगाएवढी पेटी करून घेतली. आतून काळी, वर दुहेरी काच, मागे दारभर उंचीचा आरसा. आरशाने ऊन पेटीत पाडायचं, पेटीने ते कोंडून धरायचं. आत चार काळी पातेली आणि त्यांत तांदूळ नि बदनावरची मूगडाळ. सकाळी साडेआठला पेटी सभामंडपासमोरच्या चौकात लागली. दरवर्षी प्रसाद रांधणारा मोनू हलवाई तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आला.

"मास्साब, इसमें आग कहाँ है?"

"वर!" मास्तरांनी बोट दाखवलं.

मोनूने वर पाहिलं, हात जोडले आणि देवळामागे निघून गेला.

नऊ वाजता बायका आल्या. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालायचं असतं, हे मास्तरांना जन्मापासून ठाऊक होतं. फक्त पेटीची जागा ठरवताना आठवलं नव्हतं. बावीस बोळकी, बावीस गोवऱ्यांच्या चुली, आणि वारा नेमका पेटीकडे! स्वच्छ ऊर्जेच्या काचेवर हां हां म्हणता काजळी धरली. मास्तर धोतराच्या सोग्याने काच पुसू लागले.

तोवर भवानीबाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं.

"काकू! उघडू नका! आतली ऊब जाते!"

"अरे, उघडल्याशिवाय शिजलं का ते कळायचं कसं?"

"उघडलं की शिजत नाही, काकू."

"मग शिजत नाही हे बघायला तरी उघडायला हवं ना!"

पस्तीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाने मास्तरांपुढे असा तर्क लढवला नव्हता. भवानीबाईंच्या मागे रांग लागली. प्रत्येकीने झाकण उघडलं, "अगंबाई, पाणीच आहे की!" म्हटलं, आणि प्रसादाला लागतंच म्हणून एकेक तुळशीचं पान आत टाकलं.

साडेदहाला बुवा उभे राहिले. काय तो गळा! नमन सुरू होताच अख्खा मंडप जागच्या जागी स्थिर झाला. पूर्वरंगात बुवांनी सूर्याची उपासना सांगितली, आणि बुक्का लावून झाल्यावर उत्तररंगाला द्रौपदीच्या थाळीचं आख्यान लावलं. सूर्याने दिलेली थाळी! मास्तरांना वाटलं, देव आपल्या बाजूने आहे. त्यांनी जाऊन पातेल्यात पळी घातली. तांदूळ पळीवर टणटण वाजला.

पावणेबारा झाले होते. तिकडे दुर्वासमुनी दहा हजार शिष्यांसह जेवायला येऊन नदीवर स्नानाला गेले होते. ते बाहेर आले की श्रीकृष्ण थाळीला चिकटलेलं पान खाणार, मुनी तृप्त होणार, आरती होणार आणि साठ माणसं द्रोण घेऊन उठणार. मास्तरांनी घाईघाईने चिठ्ठी लिहून हार्मोनियमवाल्याकरवी बुवांकडे पोचवली: "ऋषींना एवढ्यात पाण्याबाहेर काढू नये. तांदूळ कच्चा."

बुवांना दोनच्या बसने धारला परतायचं होतं. पण भला माणूस! चिठ्ठी वाचून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मुनी म्हणाले, एवढं थोर पाणी मिळालंय, तर आणखी एक बुडी मारू या!"

ऋषींनी दुसरं स्नान केलं. मग अर्घ्य दिलं. मग सूर्यनमस्कार घातले, बारा. तरी दुसरी चिठ्ठी आलीच. तेव्हा बुवांनी त्यांना उठवून थेट नर्मदेवर निसरपुराला नेलं. तिथला जुना घाट धरणाच्या पाण्यात गेल्याचं बुवांच्या लक्षात आलं, म्हणून दहा हजार ऋषी नवा घाट शोधू लागले. निसरपूरच्या माहेरवाशिणींनी डोळ्यांना पदर लावला. त्यात पंधरा मिनिटं गेली.

इकडे सभामंडपाची सावली सरकत पेटीवर आली होती. मास्तरांनी जिवाच्या आकांताने पेटी उन्हात ओढली, तशी आरशाची टेकणकाठी निसटली. आरसा मागे कलंडला, आणि पेटीत पडायचं ऊन चौक ओलांडून, सभामंडपातल्या साठ डोक्यांवरून सरळ गाभाऱ्यात गेलं. दत्ताच्या तिन्ही मुखांवर लख्ख सोनं पसरलं!

बुवा नेमके म्हणत होते, "आणि भगवंत प्रकटले!"

झांज थांबली. तबला थांबला. भवानीबाई काठी सोडून उभ्या राहिल्या. मग जो जयघोष उठला, तो टेकडीवरच्या देवीपर्यंत गेला असेल.

मास्तर आरसा पेटीकडे वळवायला धावले. विश्वासराव त्यांच्याही पुढे धावले.

"खबरदार, आरशाला हात लावाल तर!"

"विश्वासराव, चूल आहे ती!"

"होती."

विश्वासरावांचे डोळे भरून आले होते. सूर्य सरकला तसा दत्ताच्या मुखावरचा उजेडही सरकू लागला. "धरा, मास्तर, धरा! जरा डावीकडे! देवाचा कान अंधारात गेला!" मास्तरांनी आरसा डावीकडे केला. देवापुढे माणूस काय बोलणार? आपल्याच हाताने त्यांनी आपल्या खिचडीचं ऊन काढून घेतलं, आणि धरून ठेवलं अर्धा तास.

एक वाजता आरती झाली. मास्तर खाली मान घालून सही न होणाऱ्या कागदाकडे निघाले, तोच मंडपात खमंग वास दरवळला. साठ द्रोण भरले जात होते. वाफाळती, तूप सोडलेली खिचडी!

"अहो, असे बघताय काय?" पत्नी प्रमोदिनीबाई हळूच म्हणाल्या. "मोनूला मीच सांगितलं होतं सकाळी, मागे गॅसच्या दोन शेगड्या लाव म्हणून. तुमचे प्रयोग मी एकतीस वर्षं खातेय."

विश्वासरावांनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि डोळे मिटले. "वा, मास्तर! उन्हाची चव काही निराळीच हो! आणा तो ठराव." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

नुसतं गप्प बसायचं होतं. पण पुढ्यात दत्त होता, आणि कानात अजून बुवांचं कीर्तन होतं.

"विश्वासराव," मास्तर म्हणाले, "ही गॅसवरची आहे. माझी पेटीत आहे. ती चाववत नाही."

विश्वासरावांनी उघडं पेन हातात धरूनच गाभाऱ्याकडे पाहिलं. पणजोबांचाही विचार करून झाला असावा. मग त्यांनी ठरावात दोन ओळी खोडल्या, दोन लिहिल्या आणि सही केली. "मंदिराने सौर ऊर्जेचा स्वीकार केला आहे. आरसा कायम ठेवावा, पेटी काढावी. आरसा धरण्याची सेवा नीलकंठ मास्तरांकडे."

तेव्हापासून रोज दुपारी बाराला मास्तर चौकात आरसा धरून उभे असतात. दत्ताच्या मुखावर ऊन आहे तोवर, म्हणजे वीस मिनिटं, गाभाऱ्यातला नऊ वॅटचा दिवा बंद ठेवतात.

"याने देशाची वीज किती वाचते, मास्तर?" कुणी विचारतं.

"वर्षाला एक युनिट," मास्तर ताठ मानेने सांगतात. मग, खोटं बोलवत नाही म्हणून, हळूच म्हणतात, "पावसाळा वगळला तर पाऊण."