मोजणारीचं नाव

सोमवारी दक्षिणेचं वादळ आलं, वीज डोळा मिचकावून गेली, आणि मोकोनुई नगरपालिकेचा लॉगिनचा सर्व्हर पडला. वाचनालय, पाणीपट्टी, कुत्र्यांची नोंदणी, पोहण्याचा तलाव, सगळ्यांना एकच पासवर्ड, आणि तो तपासून आत सोडणारा हा एकच सर्व्हर. तो पडला की नगरपालिकेत चहाशिवाय काही चालत नसे.

रेवा पोटिकीने तो पाच मिनिटांत उठवला. रेवा पूर्वी शाळेत शिकवायची. एकोणीस वर्षांपूर्वी इथे आली आणि कॉम्प्युटरचं सगळं तिच्याच गळ्यात पडलं. पुन्हा असं व्हायला नको, म्हणून तिने एक पान तयार केलं. सर्व्हरच्या मेमरीत किती जागा भरली, ते त्यावर एका रेघेने दिसायचं, अगदी सेकंदासेकंदाला. ते तिने आपल्या लॅपटॉपवर लावलं, आणि लोकांनी सारखं विचारायला येऊ नये म्हणून चहाच्या खोलीतल्या टीव्हीवरही.

मंगळवारी सर्व्हर साडेदहाला पडला. मग दीडला. मग साडेचारला.

"तान्ह्या पोरासारखं करतंय," स्वागतकक्षातली बेव्ह म्हणाली. "दर तीन तासांनी रडतंय. भूक लागली असेल."

"पोट भरल्यामुळे रडतंय," रेवा म्हणाली. "हे बघ. कुणी आत आलं की सर्व्हर त्याला पास देतो, आणि त्या पासची एक नक्कल बारा तास आपल्या डोक्यात ठेवतो. नकला फार झाल्या की डोकं भरतं आणि तो आडवा होतो."

"मग कुणीतरी फार पास घेतंय."

"तेच शोधायचंय."

बुधवारीही तेच. गुरुवारी मुख्य अधिकारी मर्डॉक दारात येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, पण काळजी वाटू लागली की त्याला पत्रं लिहायची सवय होती.

"रेवा, उद्या पाच वाजेपर्यंत हा एकदा जरी पडला, तर मी काम ऑकलंडच्या कंपनीला देणार. पत्र तयार आहे. मला आवडत नाहीये, पण लोक तलावाच्या दाराशी टॉवेल गुंडाळून उभे होते."

"आणि माझं टेबल?"

मर्डॉकने खिडकीबाहेर पाहिलं. "ते ऑकलंडला न्यायची गरज नाही पडणार," तो हळूच म्हणाला.

रेवाने शाळेतली पद्धत काढली. सर्व्हरवरून पास घेणाऱ्यांची यादी छापली, सगळ्यात वरचं आपलं नाव पेनाने खोडलं, कारण चौकशी करणाऱ्याचं नाव यादीत कशाला, आणि उरलेल्यांकडे एकेक करून गेली. तिने कुणाला दरडावलं नाही. ती नुसती समोर बसून वाट बघायची, आणि माणसं आपोआप कबूल करायची.

"मी कधी बाहेरच पडत नाही गं," बेव्ह म्हणाली. "लॉगआउट करणं उद्धट वाटतं. न सांगता निघून गेल्यासारखं."

"त्याने काही बिघडत नाही. तुझा एकच पास आहे."

वाचनालयाच्या बाईंचे चाळीस निघाले. मर्डॉकचे तीन. पुरते शंभर पासही कुणाच्या नावावर नव्हते. रेवाला भीतीपेक्षा आता कुतूहलच जास्त छळू लागलं. एवढ्या नकला येतात कुठून?

शुक्रवारी दहाला चहाच्या वेळी सगळे जमले. टीव्हीवरची रेघ शांतपणे वर चढत होती. सर्व्हरचं अर्ध्या तासाचं आयुष्य उरलं होतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन रेवा कोपऱ्यात बसली होती.

"काही खाऊन घे," बेव्ह म्हणाली. तिने घरून तीस चीज रोल आणले होते. ते तिने ग्रिलमध्ये लावले, वर किटलीही चालू केली. दोन्ही एकदम चालू करायचं नाही, असा कागद भिंतीवर गेली सहा वर्षं होता. फट्‌ झालं. फ्यूज उडाला. दिवे गेले, ग्रिल गेला, टीव्हीही गेला.

"मीच केलं," बेव्ह म्हणाली.

रेवाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. सर्व्हर मागच्या खोलीत वेगळ्या तारेवर होता, लॅपटॉप बॅटरीवर. आणि लॅपटॉपवरच्या रेघेचा चढ एकदम निम्मा झाला होता.

"बेव्ह, आत्ता काय काय बंद पडलं?"

"किटली. ग्रिल. फ्रिज. टीव्ही."

"किटलीला पासवर्ड नाही," रेवा स्वतःशीच म्हणाली. "फ्रिजला नाही."

तिने कालची यादी खिशातून काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि खोडलेल्या रेघेखालून वाचायचा प्रयत्न केला. मग मागच्या खोलीत जाऊन सर्व्हरवर आजचीच यादी काढली. रेवा पोटिकी : अठरा हजार.

तिचं पान दर सेकंदाला नवं होत होतं, आणि दर वेळी आपला जुना पास विसरून नवा मागत होतं. सकाळी साडेसातपासून लॅपटॉपचे नऊ हजार, टीव्हीचे नऊ हजार. सर्व्हरची तब्येत बघता बघता तिनेच त्याला झोपवलं होतं.

"एकदा शाळेची सहल नेली होती," ती मागोमाग आलेल्या बेव्हला म्हणाली. "सत्तावीस पोरं मोजली, बरोबर भरली, ड्रायव्हरला 'चल' म्हणाले. बस गेली आणि मी समुद्रावर उभी."

"स्वतःला मोजलंच नव्हतंस?"

"नव्हतं."

तिने लॅपटॉपवरचं पान बंद केलं, टीव्हीची तार काढून ठेवली आणि मर्डॉकला जाऊन सगळं खरं सांगितलं. "सोमवारी ते पान दुरुस्त करते. तोवर कुणीही ते उघडायचं नाही."

"पण मग सर्व्हर चालतोय हे कळणार कसं?"

"कुणी ओरडत आलं नाही की चालतोय."

साडेदहा वाजले. कुणी आलं नाही. दीड वाजला. कुणी आलं नाही. रेवाचा हात चार वेळा त्या पानाकडे गेला आणि चारही वेळा तिने तो मांडीखाली दाबून ठेवला. साडेचारला मात्र राहवेना. पान नको, नुसती यादी बघू, म्हणून ती मागच्या खोलीत गेली. यादीला पास लागत नसे. रेवा : तेच अठरा हजार, एकही वाढलेला नाही. बेव्ह : एक. मर्डॉक : दोन हजार सहाशे.

मर्डॉकच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ढकललं तसा त्याने घाईघाईने स्क्रीन भिंतीकडे वळवला.

"मी फक्त बघत होतो," तो म्हणाला. "काळजी वाटत होती."

"ते दिसतंय. आणखी थोडा वेळ काळजी केली असतीस तर पडला असता." रेवा समोर बसली आणि वाट बघू लागली. "मग ऑकलंडला कुणाचं नाव कळवलं असतंस?"

मर्डॉकने पान बंद केलं. मग खणातून लिफाफा काढला, दोनदा दुमडला, आणि टोपलीत टाकला.

"चीज रोल उरलेत का?" त्याने विचारलं.

पाच वाजता रेवा दाराशी उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्यांना जुन्या सवयीने मोजू लागली. बेव्ह, वाचनालयाच्या बाई, तोंडात रोल धरलेला मर्डॉक. सगळे अकरा. तिने दिवा मालवला, कुलूप लावलं, आणि गाडीकडे जाता जाता स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "बारा."