पोटोबा रुसला त्याची बखर

श्री. ज्याचे उदर थोर आणि नाकाचे ठायी सोंड, त्या गजाननास प्रथम नमन. पुढील सारा बखेडा एका उदराचा आणि एका सोंडेचाच असल्याकारणे हे नमन नेहमीपेक्षा अंमळ जास्त वाकून केले आहे. दुसरे नमन विश्वकर्म्यास, ज्याने सृष्टी घडविली आणि घडविताना निघालेला भुसा कोठे टाकिला हे आजवर कोणास कळू दिले नाही.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी, ऊन ऐसे की कावळ्यांनीही आपल्या सभा तहकूब केल्या, ते समयी एका मुलखात लाकूडकामाचे राज्य नांदत होते. मुलखाचे नाव लिहीत नाही, कारण तेथील रयत तक्रारअर्ज लिहिण्यात निष्णात. राज्याचा विस्तार म्हणाल तर वसाहतीच्या मागल्या अंगणातील एक पत्र्याची शेड, आणि तीत समाईक वर्गणीतून मांडिलेली चार यंत्रे, आणि दर यंत्रास एक सरदार. गोल करवतीवर नारोपंत बिवलकर, पूर्वी सरकारी कचेरीत हिशेबनीस, हल्ली राज्याचे कारभारी. रंध्याच्या यंत्रावर दौलतराव काकडे, फौजदारीतून निवृत्त, परंतु मिशा अद्यापि सेवेत. लाकूड फिरवून गोल करावयाच्या खरादीवर दंतवैद्य पाठारे, जे खुंटासही आधी आ करावयास सांगत. आणि पट्टीच्या करवतीवर नफीसाबाई, मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, ज्यांनी चष्म्यावरून नुसते पाहिले तरी वाकडी फळी सरळ होत असे. हे चौघे मिळोन चौरंग करीत, देव्हारे करीत, आणि कोणी मागितले नसताही स्टुले करून नातलगांस देत, आणि नातलग ती गच्चीत ठेवीत. या चौघांहून थोर ऐसा पाचवा एक होता, तो भुसा ओढणारे यंत्र. त्यास कापडी पोत्याचे पोट, आणि पोटापासून चार यंत्रांकडे गेलेल्या चार नळ्या, आणि दर नळीस एक सरकती झडप. झडप उघडली की त्या यंत्राचा भुसा सपासप पोटात जाई आणि पोट टम्म फुगे, म्हणोन लोक त्यास पोटोबा म्हणत. आणि सकाळी प्रथम त्याची कळ दाबल्यावाचून कोणी करवतीस हात लावीत नसे, आधी पोटोबा मग विठोबा, हा दंडक.

आता शेजारचे राज्य सांगतो. त्याच अंगणात, शेडीच्या खिडकीपुढे, पापडांची दौलत होती. वसाहतीतील बायकांनी गट करून पापड, कुरडया, सांडगे घालावे आणि पेठेत विकावे. त्या दौलतीच्या मालकीण वत्सलाबाईसाहेब, आणि त्या कोण, तर आपल्याच नारोपंतांची अर्धांगी. गतवर्षी वारा फिरला आणि लाकूडराज्याचा भुसा कुरडयांवर गेला, आणि एका गिऱ्हाइकाने पेठेत उभे राहून पुसिले की कुरडईस सागवानी वास कां येतो. मग युद्ध जाहले. चार दिवस नारोपंतांचे घरी आमटीस फोडणी पडली नाही. शेवटी वसाहतीच्या सभेत सर्वांसमक्ष तह ठरला तो ऐसा की, पोटोबा आणून भुसा आवरावा, आणि इतउप्पर पापडावर चिमूटभर भुसा दिसल्यास शेड पापडांच्या साठवणीस द्यावी आणि लाकूडराज्याने आपली यंत्रे गुंडाळावी. तहावर नवऱ्याने एकीकडून आणि बायकोने दुसरीकडून सही केली, आणि मग दोघे एकाच पिशवीत भाजी घेऊन घरी गेली.

नारोपंतांस ही शेड काय होती ते सांगितले पाहिजे. ते निवृत्त जाहलियावर वर्षभर घरी राहिले. त्या वर्षी घरातील प्रत्येक खुर्चीवर ते बसले, आणि प्रत्येक खुर्चीवरून त्यांस उठविण्यात आले. फरशी पुसावयाची आहे, पाय वर घ्या. पंखा पुसावयाचा आहे, खाली व्हा. दुधाकडे लक्ष ठेवावयास सांगितले तर दूध उतू गेले, आणि न सांगता ठेविले तर का ठेविले म्हणोन विचारणा जाहली. मनुष्य आपल्याच घरी पाहुणा व्हावा, आणि पाहुणा जात नाही म्हणोन यजमानीण कंटाळावी, ऐसी गत. मग शेड उभी राहिली आणि सकाळी नऊ वाजता डबा घेऊन बाहेर पडावयास जागा जाहली, आणि कोणी 'पंत, हे कसे करावे' ऐसे पुसू लागले. तेव्हापासून त्यांचे जेवण वाढले आणि खोकला गेला. शेड गेली तर आपण गेलो, हे त्यांस स्वच्छ ठाऊक होते आणि याचे त्यांस फार भय वाटे.

ऐसे असता गेल्या शिमग्यात एक प्रकरण जाहले. दौलतराव रंधा चालवावयास आले आणि झडप न पाहताच कळ दाबिली. झडप होती बंद. मग सारा छिलका उलटा येऊन तोंडावर आदळला आणि मिशा बाभळीच्या झाडासारख्या दिसू लागल्या. फौजदारी स्वभाव, तपास केला, तो निष्पन्न जाहले की आदल्या दिवशी रंधा पाठारे यांनी वापरिला आणि जाताना झडप लाविली. दौलतराव म्हणाले हा घातपात. पाठारे म्हणाले ही शिस्त. मग दोघांत अबोला पडला, आणि नारोपंतांनी सभा भरवून मसलत केली आणि ठराव केला की, जो यंत्र सोडील त्याने झडप पुढिलाकरिता उघडीच ठेवावी, आणि दुसऱ्याची झडप कोणी लावू नये, लाविल्यास तो त्या सरदाराचा अपमान समजावा. सर्वांनी माना डोलाविल्या, भेळ खाल्ली आणि चहा प्याले. तेव्हापासून राज्यात हळूहळू ऐसे सौजन्य माजले की बोलता सोय नाही. जो तो आपली झडप सताड उघडून घरी जाई, आणि दुसऱ्याची उघडी दिसली तर नमस्कार करून पुढे जाई.

आणि मग चैत्रात पोटोबा रुसला. कळ दाबावी तर घुंई ऐसा आवाज करी, परंतु पोट फुगेना. भुसा नळीच्या तोंडाशी येऊन थबके आणि भुईवर पडे, भुईवरून उडे, खिडकीतून जाई, आणि बाहेर खाटांवर उडदाचे पापड उन्हात पसरलेले. नारोपंतांनी हे प्रथम पाहिले. मग कोणाचे लक्ष नाही ऐसे पाहोन ते खाटांमध्ये उकिडवे बसले आणि एकेका पापडावर हलकी फुंकर मारीत पुढे सरकू लागले. निम्मी खाट जाहली तो पाठीमागे बांगड्या वाजल्या. वत्सलाबाईंनी पुसिले की हे काय चालले आहे. नारोपंत बोलिले की पापड किती पातळ लाटिले ते पाहतो. बाईसाहेब म्हणाल्या, "उद्या मुगाचे घालायचेत. गटातल्या सगळ्या येणारेत. उद्या एक कण जरी दिसला ना, तर मग तहात ठरलंय तसं. मी एकटी नाही, मला मागे फिरता येणार नाही." इतके बोलोन त्या निघोन गेल्या.

मग शेडीत खलबत बसले. दौलतरावांनी पोटोबाच्या मोटारीची जबानी घेतली, तिजवर हात ठेविला, कान लाविला आणि म्हणाले की मोटार निर्दोष, परंतु काहीतरी लपविते आहे. पाठारे म्हणाले की दुखणे पोटाचे, आणि पोते सोडून अंगणापलीकडे नेऊन झोडपिले, आणि परत आले ते मैद्याच्या गिरणीतून आलियाप्रमाणे. नफीसाबाईंनी नळ्या काढोन फुंकिल्या, त्यांतून एक पेन्सिल, एक हातमोजा आणि पाठारे यांचा वर्षापूर्वी हरवलेला कंगवा ऐसा ऐवज निघाला, परंतु ओढ काही येईना. कोणी लिंबू-मिरची बांधिली, तिजवरही भुसा बसला. मग सर्वांनी एकमुखाने निकाल दिला की यंत्राचे आयुष्य संपले, नवे आणावे, आणि नवे उद्या येणे नाही, सबब ईश्वरेच्छा. इतके बोलोन सरदार आपापल्या घरी गेले, आणि जाताना प्रत्येकाने आपली झडप पुरती उघडी आहे ना हे नीट पाहिले, कारण संकटकाळी सौजन्य सोडू नये.

दुसरे दिवशी नारोपंत सर्वांआधी शेडीत आले. बाहेर बायका खाटा मांडीत होत्या, त्यांचा आवाज ऐकू येत होता. पंतांनी मनाशी धरिले की आज राज्य बुडाले, तर निदान नीट आवरून द्यावे, लोकांनी नावे ठेवू नयेत. मग झाडू मारिला, पटाशी आणि हातोड्या पुसोन फळीवर लाविल्या, खिडकी ओढिली, आणि घर सोडताना मनुष्य एकेक खोली बंद करितो त्याप्रमाणे एकेक झडप बंद केली. दौलतरावांची लाविली, नफीसाबाईंची लाविली, पाठारे यांची लाविली. अपमान खरा, परंतु राज्यच नाही तर मान कोणाचा आणि अपमान कोणाचा. स्वतःची झडप तेवढी राहिली, कारण करवतीवर सागाची एक फळी अर्धी कापोन पडली होती, आणि ती तैसीच टाकून जाणे त्यांच्या जिवास मानवेना. मग कळ दाबिली आणि फळी पुढे सारिली, तो पोटोबा ऐसा गर्जला की पत्रे थरथरले. पोट टम्म फुगले. भुश्याचा कण भुईस लागेना, आणि नारोपंत काय जाहले म्हणोन वाकले, तो खांद्यावरचा पंचा सळकन नळीत गेला आणि दिसेनासा जाहला.

नारोपंत मटकन स्टुलावर बसले. मग उठोन एक झडप उघडिली, तो गर्जना उतरली. दुसरी उघडिली, तो घुंई. तिसरी उघडिली, तो कालचाच रुसवा. मग पुन्हा लाविल्या, तो पुन्हा गर्जना. पोटोबास काही जाहले नव्हते. एका दमाने चौघांकडून ओढावयाचे म्हटल्यावर कोणाचेच ओढवेना, इतकेच, आणि चारही तोंडे उघडी ठेविली ती त्यांच्या सौजन्याने. नारोपंत हसू लागले, आणि हसता हसता डोळे भरोन आले, आणि मग पुन्हा हसले, कारण ठराव त्यांचाच होता.

परंतु आता पेच पडला. सरदार येण्याची वेळ जाहली. दौलतरावांस 'आपली झडप लावा' म्हणावे तर ते विचारणार, माझीच कां. पाठारे यांस म्हणावे तर ते म्हणणार, शिमग्यात मी लाविली तेव्हा घातपात, आणि आज लावू तर शिस्त? खरे सांगावे तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखविणार आणि तपास आषाढापर्यंत चालणार, आणि पापड तर दुपारपर्यंत वाळणार. हिशेब जुळत नाही तेथे शीर्षक बदलावे, ही विद्या पंत कचेरीत शिकले होते. मग पंतांनी चारही झडपा पूर्ववत उघडून ठेविल्या, आणि सरदार जमले तेव्हा ते उभे राहिले आणि गंभीरपणे बोलिले, "आजपासून शेडीत मानाची झडप. जो यंत्र चालवील त्याच्या मानाखातर बाकीच्यांनी आपापल्या झडपा मिटवायच्या. सर्वांत आधी मिटवील, त्याचा पहिला मान."

पहिला मान हे शब्द ऐकताच सरदारांच्या अंगात वारे शिरले. कशासाठी, काय म्हणोन, हे कोणी पुसिले नाही. दौलतराव रंध्याकडे धावले. पाठारे म्हणाले, दर वेळी पहिला मान फौजदारांनाच कां, आणि तेही धावले. नफीसाबाई धावल्या नाहीत, चालत गेल्या, आणि उभा जन्म शाळेचे फाटक वेळेवर बंद केलेल्या हाताने सर्वांआधी आपली झडप लावून मोकळ्या जाहल्या. मग त्या दिवशी जो तो दुसऱ्यास म्हणे, आपण चालवा, आम्ही मिटवितो. आणि पहिला मान नफीसाबाईंस गेला म्हणोन दौलतराव आणि पाठारे इतके हळहळले की त्या दुःखात एकमेकांशी बोलू लागले.

मध्यान्ही वत्सलाबाईंची स्वारी खाटांपाशी आली आणि मागे सगळा गट. शेडीत करवत मुद्दाम चालू ठेविली होती आणि खिडकीही सताड उघडी. बाईंनी पापडावरून बोट फिरविले, बोट पाहिले. एक पापड उचलोन उन्हात धरिला, उलटा केला, वास घेतला. नारोपंत खिडकीआडून पाहात उभे. मग बाईसाहेब मोठ्याने बोलिल्या की स्वच्छ आहे, आणि बायका आपापल्या कामास लागल्या.

थोड्या वेळाने त्या एकट्याच शेडीत आल्या. सरदार जेवावयास गेले होते. पदराने स्टूल पुसू लागल्या, तो पुसण्यासारखे काही नव्हते, मग बसल्या आणि म्हणाल्या, "पहाटेपासून देवापुढं हात जोडून होते मी."

नारोपंत बोलिले की शेड मिळावी म्हणोन नवस केला असेल, तर देवाने ऐकिले नाही, याचे वाईट वाटते.

"शेड घेऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "मिळाली असती शेड, आणि तुम्ही परत घरी. सकाळपासून रात्रीपर्यंत. ते एक वर्ष कसं काढलं माझं मला ठाऊक. अहो, तुम्हांला जायला पुढं ही शेड तरी झाली. मी कुठं गेले असते?"

त्या वर्षी हाच प्रश्न नारोपंतांनी रोज स्वतःस केला होता. समोरच्या खोलीत आणखी एक माणूस तोच प्रश्न करीत बसले आहे, हे त्यांच्या मनातही आले नव्हते. त्यांनी डबा उघडिला आणि अर्धा तिच्यापुढे सरकविला, आणि दोघे तेथेच जेवली.

सारांश, लाकूडराज्य तगले, पापडराज्य तगले, आणि तह अद्यापि कायम आहे. एका घराचे सुख राखावयास कधी कधी दोन राज्ये लागतात, आणि मध्ये एक अंगण. घडले तैसे लिहिले. कोणास खोटे वाटल्यास त्याने एक वर्ष घरी बसून पाहावे.